शिडामागचं पाणी

"केबिन आहे, गाद्या आहेत, मागं छोटं इंजिन आहे. त्याच किमतीत दुसरी नुसती उघडी होडी. यात विचार काय करायचा?" विक्रेता म्हणाला.

मल्लिनाथ अण्णा निळ्या बोटीवरून हात फिरवत होते. "मला तर ही लई आवडली की."

अण्णा सोलापूरचे कापडाचे व्यापारी. दुकान मुलाकडं सोपवलं आणि शिडाची बोट घ्यायचं मनावर घेतलं. शीड म्हणजे वारा धरणारं कापड. अण्णा म्हणायचे, "जन्मभर कापड विकलं, आता कापडावर फिरतो." बोट ट्रेलरवर चढवायची, जीपला जोडून घरी न्यायची, रविवारी उजनी धरणाच्या फुगवट्यात सोडायची, असा बेत.

मी माळशिरसकडचा. नौदलातून निवृत्त झाल्यापासून जुन्या बोटी तपासून देतो. दोन्ही बोटींची बॉडी ठोकून पाहिली, ट्रेलरची चाकं, वेल्डिंग पाहिलं. दोन्ही ठणठणीत. कागदावर निळी बोट सरस होती. पण मी म्हटलं, "अण्णा, पाण्यात घालू, मग बोलू."

लाइफ जॅकेट घालून आधी निळ्या बोटीतून निघालो. अण्णा टिलरवर, म्हणजे सुकाणूच्या दांड्यावर. टिलर धरणारा वाऱ्याकडच्या बाजूला बसतो, शीड दुसरीकडं झुकतं. या बोटीचं शीड थेट केबिनच्या छतापर्यंत खाली आलेलं. त्यामुळं पलीकडचं पाणी झाकलं जात होतं. मधूनमधून मान वाकवून शिडाखालून बघायला हवं. अण्णा सरळ समोर बघत बसले होते.

"अण्णा, खालून बघा."

"बघतोय की."

बघत नव्हते. मी त्यांना पुन्हा सांगणार, तेवढ्यात शिडाच्या बाजूला बसलेल्या त्यांच्या पत्नी महादेवीअक्का ओरडल्या, "होडी! अहो, होडी!"

मी टिलर शिडाकडं ढकलला. बोट वाऱ्याच्या तोंडावर वळली, शीड फडफडलं, वेग मेला. हातभर अंतरावर पत्र्याची होडी डुलत होती. तिच्यात जाळं ओढणारी एक बाई कडा घट्ट धरून बसली होती.

"डोळं हायत का न्हाय? एवढी मोठी होडी दिसंना व्हय तुमास्नी?"

अण्णांनी हात जोडले. बाई बडबडत लांब गेली, तरी ते तिकडंच बघत राहिले. बघताना त्यांनी मान नाही, सगळं अंग वळवलं.

"मानेला काय झालंय?" मी विचारलं.

अक्काच बोलल्या. "ऑपरेशन झालंय. मान वळत नाही. तुम्हाला सांगू नका म्हणाले."

"सांगितलं असतं तर तुम्ही बोट घेऊच दिली नसती," अण्णा पुटपुटले. वयस्क माणूस, पण आवाज शाळेतल्या पोरासारखा झाला होता. मला रागावता येईना.

किनाऱ्यावर चहा घेतला आणि दुसरी बोट सोडली. हिला केबिन नाही, शिडाची खालची कडा डोक्याच्या वर. त्या वरच्या शिडामुळं वेग थोडा कमी, पण चहूकडं पाणी मोकळं. तरी मागं बघायला मान लागतेच. मी टिलर अक्कांच्या हातात दिला.

"मला कुठं येतं?"

"बघता येतं ना? बाकीचं मी शिकवतो."

अण्णांना शिडाची दोरी दिली. वारा वाढला की सैल सोडायची, पडला की ओढायची. त्यांचे दोन्ही हात उत्तम चालत होते. सुरुवातीला तोंड उतरलेलं होतं. मग अक्का "निधान, निधान" म्हणायला लागल्या. निधान म्हणजे कानडीत हळू. अण्णा म्हणाले, "टिलर तुझ्या हातात, आणि निधान मला सांगतेस?" दोघंही हसले.

उघडी बोटच घेतली. विक्रेता जरा हिरमुसला. आता बहुतेक रविवारी ती दोघं उजनीवर असतात. अण्णा दोरीवर, अक्का टिलरवर.

त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकाला आधी टिलरपाशी बसवतो आणि कुठं कुठं पाणी दिसतं ते विचारतो. गाद्यांचं नंतर बघू.