दाजी भिंत वाचायचे

स्वतःच्या नावावर सायकलसुद्धा नसताना लोकांच्या इंजिनांसाठी आमच्या दाजींनी जेवढं रक्त आटवलं, तेवढं भूम तालुक्यात एकाही गाडीमालकानं आटवलं नसेल. दाजी म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे साडू. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली. तिकिटं फाडता फाडता ते ड्रायव्हरच्या पाठीमागं उभे राहून इंजिन ऐकायचे आणि भरल्या गाडीत जाहीर करायचे, "व्हॉल्व्ह गळायलाय!" व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनाच्या डोक्यातली उघडझाप करणारी झाकणं. ती घट्ट बसली नाहीत की आतला दाब निसटतो आणि गाडी चढाला रडते. प्रवाशांना यातलं काही कळत नसे, पण दोन-चार जण घाबरून पुढच्या थांब्यावर उतरत. डेपोतले मेकॅनिक दाजी दिसले की पान्हे लपवायचे. त्याची गरज नव्हती, कारण दाजी पान्ह्याला शिवतच नसत. त्यांचा नियम कडक होता. "गाडीचं दुखणं गाडीतल्याच सामानानं वळखायचं. भाईरचं यंत्र लावलं की ती कबुली न्हाई, मारून घेतलेला जबाब झाला."

पेट्रोलची गाडी असली की दाजी चप्पल काढून ड्रायव्हरच्या जागेवर बसत, इंजिन चालू ठेवून ब्रेकवर अलगद पाय टेकवत आणि डोळे मिटून घेत. व्हॉल्व्ह बिघडला की ब्रेकचं पेडल पायाखाली थरथरतं, असं त्यांचं म्हणणं. वैद्य बोटांनी नाडी बघतो, दाजी तळपायानं बघत, आणि गाडीचा मालक तेवढा वेळ बाहेर उन्हात उभा. धुराच्या नळीसाठी त्यांना डॅशबोर्डावरचं फडकं पुरे. नळीपाशी धरलेलं फडकं नुसतं बाहेर उडालं तर ठीक, मधेच आत ओढलं गेलं तर व्हॉल्व्ह गळका. माझ्या पुतणीच्या लग्नात नवरदेवाच्या गाडीत फडकं सापडेना, तेव्हा त्यांनी बॉनेटवरची झेंडूची माळ सोडली आणि नव्या धोतरानिशी नळीपाशी उकिडवे बसले.

वरमाई किंचाळली, "अवो, त्यो गाडीचा हार हाय!"

"म्हणून तर घेतलाय," दाजी मान वर न करता म्हणाले. "भाईरून न्हाई आणला."

वरात खोळंबली. अक्का, म्हणजे माझी मेव्हणी, मांडवाच्या खांबाला टेकून कपाळ बडवत होती. दाजी मात्र नवरदेवाचा हात हातात घेऊन सांगत होते, "पोरगी लई चांगली मिळाली तुमाला. गाडीकडं तेवढं बघा."

पण त्यांची खरी विद्या हेडलाइटची. गाडी भिंतीकडं तोंड करून उभी करायची, दिवे लावायचे, डिझेलच्या गाडीत इंजिन बंद करायला असते ती दोरी ओढून धरायची म्हणजे इंजिन सुरू होत नाही, आणि नुसता स्टार्टर मारायचा. इंजिन फिरताना एकेका सिलिंडरचा दाब आला की बॅटरीवर ओढ पडते आणि भिंतीवरचा उजेड किंचित मंदावतो. सगळे ठोके सारखे मंदावले तर व्हॉल्व्ह ठीक. एखाद्या ठोक्याला उजेड मंदावलाच नाही, म्हणजे ठोका सुटला, तर तिथला दाब निसटतोय. दाजी याला भिंत वाचणं म्हणत. मला मात्र त्या भिंतीवर उजेडाच्या थरथरीपलीकडं कधी काही दिसलं नाही.

मग साखरेनं दाजींच्या डोळ्यांचा पडदा गेला. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकवा. माणसं त्यांना आवाजावरून ओळखू यायची, पण भिंत गेली ती गेलीच. तेव्हापासून ते मला बरोबर नेऊ लागले. "पाव्हणं, तुमी भित बघा, म्या हिशोब करतो." मी मुळात कमी बोलणारा. "मला नीट दिसत नाही" हे वाक्य डोळे गेलेल्या माणसासमोर उच्चारायला माझी जीभ वळली नाही.

गेल्या साली नवरात्र तोंडावर आलेलं असताना येरमाळ्याचा एक जीपवाला दाजींकडं आला. तुळजापूरला यात्रेकरू नेणारा माणूस, त्या दिवसांवरच त्याचं वर्ष निघायचं, आणि जीप घाटात दम टाकू लागलेली. दिवेलागणीला आम्ही जीप शाळेच्या भिंतीसमोर लावली.

"मारा!" दाजींनी हुकूम सोडला. स्टार्टर कण्हू लागला. "पाव्हणं, ठोका सुटायलाय का?"

"सुटायलाय," मी म्हणालो.

"म्या म्हनलं नव्हतं!" त्यांनी जीपवाल्याच्या पाठीत थाप मारली. "खोल इंजिन. व्हॉल्व्हच हाय."

त्यानं इंजिन खोललं. व्हॉल्व्ह धडधाकट होते, तुंबला होता तो डिझेलचा फिल्टर. मिस्त्र्याकडं नवरात्राची गर्दी, त्यामुळं खोललेलं इंजिन जोडायला कोणी मोकळं नव्हतं. सबंध नवरात्र जीप विटांवर उभी राहिली आणि यात्रेकरू दुसऱ्यांच्या गाड्यांतून गेले.

"काका, तुमच्या सबदावर खोललं म्या," ओट्यासमोर उभा राहून जीपवाला म्हणाला. त्याचा आवाज चढलाही नव्हता.

दाजी भांडतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "माझाच हिशोब चुकला, बाबा." मी शेजारीच बसलो होतो.

त्यानंतर दाजींनी गाडी बघायचं सोडलं. दारात कोणी गाडी आणली तर "म्या न्हाई त्यातला" म्हणायचे. अक्का माझ्या बायकोजवळ रडली, "आदी घरात टिकंनात म्हणून भांडायची. आता उंबरा वलांडंनात गं." बायकोनं हे मला सांगितलं. तरी दिवस गेले, महिने गेले. शेवटी परवा संध्याकाळी जाऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"दाजी, त्या दिवशी मला काही दिसलं नव्हतं. मी उगंच सुटायलाय म्हणालो."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे हिशोब माझा चुकला न्हाई?"

"नाही."

"मंग भितीवर काय हुतं? समदं ठोकं सारखं हुतं?"

"मला ठाऊक नाही."

"आठवा की जरा!"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "दाजी, मी भिंतीकडं बघतच नव्हतो. तुमच्या तोंडाकडं बघत होतो. तुम्हाला काय ऐकायचंय ते तिथं दिसत होतं."

दाजींनी स्वतःच्या तोंडावरून हात फिरवला. मग पुढं सरकले. "मंग माझ्या तोंडावर तर उजेड आलाच असंल की भितीवरनं. तितं कसा हालत हुता? सारखा?"

मी आठवून बघितलं, अगदी मनापासून. त्या उजेडात दाजी किती खूश दिसत होते, एवढंच आठवलं. "नाही सांगता येत, दाजी," मी म्हणालो.

"बरं," म्हणाले, आणि सरकून त्यांनी ओट्यावर माझ्यासाठी जागा केली. मी बसलो. समोरून गाड्या जात होत्या, भूमकडं, बार्शीकडं. त्यांचं काय दुखतंय ते आम्हा दोघांपैकी कोणालाच आता सांगता आलं नसतं.