यीस्टचं लग्न जमवणारा

मुरबाडच्या जीपमधून तो आमच्या पाड्यावर उतरला, तेव्हा त्याच्या हातात बर्फाचा डबा होता आणि पायांत चकचकीत बूट. बूट बघून आम्ही त्याला दारूबंदीचा साहेब समजलो. त्यात त्याने विचारलं, "मोहाची फुलं कुठे आंबत घालता?" झालं. पाड्यातली सगळी मडकी उकिरड्यावर पालथी झाली.

"दारू? आमी बघलीपन नाय कदी," माझी जाऊ म्हणाली. तिच्या लुगड्याला वास मारत होता.

तो मटकन खाली बसला. तो बिअरच्या कारखान्यात यीस्टचे संकर करायचा. परदेशी यीस्ट थंडीत बिअर आंबवतं, पण फार हळू. मोहाच्या मडक्यातलं यीस्ट जोमाचं. दोघांचा संकर जमला तरच त्याची नोकरी टिकणार होती, आणि आम्ही ते ओतून मोकळे झालो होतो.

"आजी, त्या परदेशी यीस्टशी इथल्याचं लग्न लावायचंय हो," तो रडकुंडीला येऊन मला म्हणाला.

"हळू बोल रे. परक्यात लग्न म्हटलं का आमच्यात कोयते निघतात."

तो हसला नाही. उकिरड्यावर फुलं खाऊन कोंबड्या झिंगल्या होत्या. त्यांना हाकलत त्याने एका मडक्याच्या बुडाचा गाळ चमच्याने काचेच्या नळीत भरला आणि नळी बर्फात ठेवली.

तो पकडायला आलेला नाही हे कळल्यावर सगळा पाडा त्याला जीपपर्यंत पोचवायला गेला. पोटची पोर परजातीत गेली म्हणून माझी जाऊ तिचं तोंड बघत नव्हती. तिने त्या डब्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "नांदा गो सुखानं."