तळाला राहिलेलं तेल

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे धाराशिवच्या वकीलसाहेबांनी, हैदराबादच्या एका नवाबाकडून बुटकी, शर्यतीत पळवायची मोटार घेतली होती. घरात माणसं मोप आणि गाडीत जागा दोघांना. त्यापेक्षा बैलगाडी बरी, असं मी तेव्हाच म्हणाले होते, पण मनात.

दुसरी मोठी लढाई सुरू होती. इंजिनातलं तेल डांबरासारखं काळं झालेलं आणि नवा डबा कुठं मिळत नव्हता. अशात सोलापूरहून माझ्या आईचा निरोप आला. तिचा एक डोळा आधीच गेला होता. दुसऱ्याचा मोतीबिंदू सोमवारी काढणार होते. पट्टी बांधायच्या आधी लेकीला एकदा डोळे भरून बघायचं, एवढंच तिचं मागणं. लग्न झाल्यापासून मी माहेरी गेले नव्हते. मला दुसरं काही सुचेना.

सासऱ्यांनी मनावर घेतलं. चुलीवर तवा ठेवून एकेका तेलाचा थेंब त्यावर टाकायचे आणि चिमटीत धरून बघायचे. बैलगाडीच्या चाकाचं वंगण जळून नुसता धूर झाला. करडईचं तेल पाण्यासारखं पातळ झालं. एरंडेल मात्र तापूनही बोटाला धरून राहिलं.

"विलायतेत शर्यतीच्या गाड्यांना हेच घालतात. निर्धास्त राहा, सूनबाई," ते म्हणाले.

पोट साफ करायचं औषध मोटारीला, म्हणून जावा तोंडाला पदर लावून हसल्या. निवड मात्र बरोबर होती, हे मी आजही सांगते.

रविवारी सकाळी माझे यजमान गाडीखाली शिरले आणि जुनं तेल सोडू लागले. मी एरंडेलाची बरणी घेऊन उभी. तेवढ्यात सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "समदं काढू नको रं. तेलाचं भांडं कोरडं करू न्हाय. तळाला थोडं ऱ्हाऊ दे, बरकत ऱ्हाती."

आमच्याकडं हे असंच. धान्याची कणगी, पिठाचा डबा, तेलाची बरणी, काहीच पुरतं रिकामं करायचं नाही. जुन्यावर नवं भरायचं. मीही तशीच वाढले होते. यजमानांनी तेल सोडायचा बोल्ट परत आवळला. एरवी असल्या गोष्टींची टर उडवणारे वकीलसाहेबही या वेळी "असू दे" म्हणाले. उरलेल्या काळ्या तेलावर मी स्वतः एरंडेल ओतलं.

तुळजापूरपर्यंत गाडी छान पळाली. घाट उतरल्यावर तेलाच्या दाबाचा काटा खाली आला, इंजिन तापलं आणि बंद पडलं. यजमानांनी बोल्ट काढला, तर खाली तेल येईना. दोन्ही तेलं एकमेकांत मिसळलीच नव्हती. नासक्या दुधासारख्या गुठळ्या होऊन इंजिनातली तेलाची चाळणी तुंबली होती. मी त्या गुठळ्या हातानं उपसत बसले. सासूबाईंचा इतका राग आला होता की त्या समोर असत्या तर सून असल्याचं विसरले असते. शेवटी गाडी तिथंच सोडली. बैलगाडी मिळाली, ती सोलापूरला पोचली सोमवारी दुपारी.

आईच्या डोळ्यांवर पट्टी होती. मी जवळ बसले. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, मग माझे हात नाकाशी नेले.

"एरंडेल," ती म्हणाली. "तान्ही होतीस तवा रोज टाळूवर घालायची मी. आलीस व्हय."

मला रडू आवरेना.

पट्टी सुटली, पण नजर काही परत आली नाही. उजेड आणि अंधार, एवढंच तिला कळायचं.

घरी परतले त्या दिवशी सासूबाई दारातच उभ्या होत्या. "बघितलं का आईनं?" त्यांनी विचारलं.

"हातानं बघितलं," मी म्हणाले.

त्या आत गेल्या. स्वयंपाकघरातली तेलाची बरणी त्यांनी बाहेर आणली, तळाचं सगळं तेल देवापुढच्या समईत निथळून ओतलं आणि बरणी अंगणात उन्हाला उपडी घातली. त्या घरात उपडी बरणी मी पहिल्यांदाच बघत होते.