कणभर गहू आणि माझी लेबलं

माझ्या स्वयंपाकघरात चूक होत नाही. डब्यांवर लेबलं असतात, लेबलांवर तारखा असतात. पोरांनो, तुमच्या आजोबांनी चहात मीठ घातलं होतं, ते लेबलांच्या आधी.

म्हणून निखिल-ऋतुजाचं केळवण जळगावला आमच्याकडे ठरलं तेव्हा मी निर्धास्त होते. निखिल म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंचा, धुळ्याच्या अक्कांचा नातू. त्याची होणारी बायको ऋतुजा भुसावळची. तिला सीलियाक आहे. गहू पोटात गेला की आतड्यांना इजा होते. औषध नाही, जन्मभर पथ्य. लग्न चार दिवसांवर. कणभर जरी गहू गेला, तर नवरी मांडवात नाही, अंथरुणात!

मी या विषयावरचं मिळेल ते इंग्रजी वाचून काढलं. (एम. ए. उगाच नाही!) नवा तवा, नव्या कढया आणल्या, नव्या डावांना लाल दोरे बांधले. गिरणीत आधी कुणाचा तरी गहू दळलेला असणार, म्हणून कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी-उडीद घरीच मिक्सरमध्ये दळले. मिक्सरनं तिथेच प्राण सोडला. प्रत्येक पातेल्यावर चिठ्ठी लावली: 'गहू नाही'.

आणि अक्का डबाभर मांडे घेऊन आल्या! खापरावरचे, पुरणाचे, अस्सल गव्हाचे.

"अक्का, अहो, फोनवर सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं. म्हणून तर घरचं तूप लावलं. तुपासोबत काही बाधत नाही."

"गहू बाधतो!"

"नखरा शे बठ्ठा!" रागावल्या की अक्का अहिराणीत शिरतात. (सगळा नखरा आहे, म्हणे!) "एक घास खाईसन काय व्हस?"

मांडे मी साड्यांच्या कपाटात कुलूपबंद केले. मग दिवसभर अक्कांच्या मागे. त्या पातेल्याजवळ गेल्या की मी विचारायची, "हात धुतले?" सहाव्यांदा त्या म्हणाल्या, "सुमन, धुऊन धुऊन हातावरच्या रेषा गेल्या गं!"

ऋतुजा आली, पाया पडली. अक्कांनी लगेच तक्रार गुदरली. "तुझ्यासाठी मांडे आणले, पोरी. हिनं कोंडून ठेवलेत."

"अक्का, मांडे मला फार आवडतात हो," ऋतुजा म्हणाली. "नऊ वर्षं झाली खाऊन. सगळे म्हणतात, एक घास खा. त्या एका घासानं मी आठवडाभर उठत नाही. आणि मग तेच म्हणतात, नाजूक आहे."

अक्कांनी हट्ट सोडला. (पन्नास वर्षांत पहिल्यांदा!)

औक्षण झालं, पानं वाढली. ऋतुजानं वरण-भाताचा घास कालवला, वास घेतला आणि थांबली.

"आजी, हिंग कोणता घातलाय?"

"उत्तमातला उत्तम!" मी डबी आणली. वरणात, भाजीत, भरितात, सढळ हातानं घातला होता.

"त्यात काय काय आहे, लिहिलंय का?"

मी डबी फिरवली. छापील मजकुरावर माझंच टपोऱ्या अक्षरांतलं लेबल होतं: 'हिंग'. नखानं खरवडून काढलं. खाली मुंगीएवढं इंग्रजी. चष्मा लावून, वर्गात वाचतात तसं खणखणीत वाचायला लागले. "डिंक... हिंग... आणि..."

"आणि काय?" अक्का.

"गव्हाचं पीठ," मी पुटपुटले.

ऋतुजानं घास ताटात ठेवला. चार दिवसांवरचं लग्न माझ्या हातून, माझ्या लेबलापायी मोडता मोडता राहिलं होतं!

अक्कांनी तिचं ताट उचललं. "सुमन, सरक." न सांगता हात धुतले, ओट्यावर उरलेली दोन वांगी भाजली, न वापरलेल्या नव्या कढईत फोडणी केली. "भरितात हिंग! माहेर पुण्याचं, ते असं बाहेर पडतं." ऋतुजा दोन भाकरी जेवली. मी कोपऱ्यात बसून मांडा खाल्ला.

हळदीच्या दिवशी अक्का ऋतुजाच्या ताटाशी खुर्ची टाकून पहारेकऱ्यासारख्या बसल्या होत्या. आचाऱ्यालासुद्धा म्हणाल्या, "एक घास म्हणू नको!" मी कौतुकानं तिच्यासाठी केळं घेऊन गेले, तर हात आडवा आला.

"थांब. आधी वाच."

"अक्का, केळं आहे हो!"

"मला इंग्रजी येत नाही. तू वाच."

आणि पोरांनो, सगळ्या मांडवासमोर, चष्मा लावून, मी ते केळं उलटंपालटं करून पाहिलं.