काकीच्या देव्हाऱ्यातला वीर

नवऱ्याचं नाव मी उखाण्याखेरीज कधी तोंडातून काढलं नाही. बारशाला, हळदीकुंकवाला बायकांनी दार अडवलं की घ्यायचं आणि मोकळं व्हायचं. तेच नाव मला एका सर्वपित्री अमावास्येला शेजारच्या काकीच्या देव्हाऱ्यात सापडलं. तेही मेलेल्या माणसांच्या रांगेत.

वसईजवळ गिरीजला आमच्या वाडीला लागून काकीची केळीची वाडी. काका केव्हाच गेलेले, एकुलता एक मुलगा एकाहत्तरच्या लढाईत गेला. म्हातारी एकटीच राहायची. माहेर खाडीकडच्या भातशेतीवाल्या गावातलं, त्यामुळे तिच्या तोंडी 'ण' कधी आला नाही, पण शिव्या आमच्या गल्लीत सर्वांत अस्सल तिच्याच. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा तिला डोळ्यांनी फारसं दिसेनासं झालं होतं. दुसऱ्या दिवशी घट बसायचे होते, म्हणून देव घासायला तिनं मला बांधावरून हाक मारली.

देव म्हणजे टाक. चांदीच्या पत्र्यावर उठवलेली कुलदेवी, खंडोबा, आणि त्यांच्या पायाशी घरातली गेलेली माणसं. लढाईत मेलेल्याचा टाक वेगळा, त्याला वीर म्हणतात. मी चिंच घेऊन एकेक घासत होते, तर रांगेच्या टोकाला टाक नव्हताच. एक गोल पदक होतं, वर कडी, रिबीन कधीच कुजून गेलेली, आणि वर हळदीकुंकवाचे थर.

"काकी, मुलाचा टाक नाही केला?"

"सोनाराकडं कशाला जायाचं? सरकारनंच करून धाडला," ती तोऱ्यात म्हणाली.

मी हसले. पदकाची कड घासायला घेतली तशी अक्षरं वर आली. आधी नंबर, मग नाव. सातवीपर्यंत शिकलेली बाई मी, तेवढं वाचता येत होतं. नाव, आडनाव, सगळं आमच्या ह्यांचं!

"अगंबाई!"

"काय झालं गो?"

"काही नाही, चिंच उडाली डोळ्यात."

म्हातारीनं ते पदक हातानं चाचपून जागेवर ठेवलं. समोर केळीच्या पानावर भात, वडे, खीर वाढली, पाणी फिरवलं आणि हात जोडले. मी बघत बसले. माझा नवरा शंभर पावलांवर केळीच्या बुंध्याशी फुटलेले मुनवे, म्हणजे नवे कोंब, काढत होता, आणि इथे त्याला पितरांचा निवद चालला होता. 

बांध ओलांडून मी जी तरातरा आले ती थेट त्यांच्यासमोर उभी राहिले. "अहो, तुम्ही मेलात कधी?"

त्यांनी कोयता खाली ठेवला. मी काकीच्या घरून आले हे पाहून त्यांना सगळं कळलं असणार. हे असेच. सैन्यातून आले, मग वसईत एका बँकेच्या दाराशी बंदूक घेऊन उभे राहिले, तिथून निवृत्त झाले, आणि एवढ्या वर्षांत बायकोशी बोललेले शब्द मोजले तर एका पोस्टकार्डावर मावतील. त्या दिवशी मात्र बोलले.

मी लग्न होऊन या घरात यायच्या आधीची गोष्ट. हे आणि काकीचा मुलगा एकत्र भरती झाले, एकाच पलटणीत गेले, एकाच लढाईला गेले. हे परत आले. काही वर्षांनी, हे सुटीवर घरी असताना, पोस्टमननं गल्लीत हाळी दिली की मिलिटरीची डबी आली. ह्यांनी सही करून ती घेतली तोवर सगळी गल्ली जमली. काकी विहिरीवरून तशीच ओल्या हातानं धावत आली.

"म्हणाली, माझ्या पोराचं आलं ना रे? सगळे बघत होते. मी डबी तिच्या हातात दिली. म्हटलं, आलं."

"आणि त्याचं?"

"वाटलं आठ-पंधरा दिवसांत येईल, तेव्हा गुपचूप बदलीन. आलंच नाही. तोवर तिनं देव्हाऱ्यात बसवलं."

दुसरी कोणी असती तर तिचे डोळे भरून आले असते. माझं डोकं फिरलं. "बसवलं म्हणून बसू द्यायचं? जिवंत माणसाचा वीर केलाय तिनं! दर अवसेला तुमच्या नावानं पान वाढतेय! मागच्या वर्षी छातीत कळ येऊन दवाखान्यात पडलात ती उगाच का?"

त्यांना हसू आलं. मी चिडले की ह्यांना हसू येतं, आणि हे हसले की मी आणखी चिडते. आमचा संसार असाच चाललाय.

"ते काही नाही. उद्याच्या उद्या परत आणा."

"मलाही हवंय ते," हे एकदम म्हणाले. "वाडी बापाची, घर बापाचं. आयुष्यात तेवढंच एक मी मिळवलं होतं. पण तिचं तिला दिल्याशिवाय माझं कुठल्या तोंडानं मागू?"

आता घ्या, कपाळ माझं! पण ते तिच्या देव्हाऱ्यातून बाहेर निघेपर्यंत माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती, हेही तितकंच खरं. दर अमावास्येला मी मारुतीला तेल घालू लागले. एकीकडून काकीचा निवद, दुसरीकडून माझं तेल.

विरारला माझा भाऊ राहतो, सरकारी नोकरीतला, कागदांतला मुरलेला. तो म्हणाला, "भावोजी, हरवलं म्हणून पोलिसांत लिहून द्या, प्रतिज्ञापत्र करा, दुसरं मिळतं. साधी गोष्ट आहे."

"हरवलं नाही. मी दिलंय."

"अहो, कागदावर हो."

"कागदावरच तर सही करायची असते," हे म्हणाले आणि उठून वाडीला पाणी सोडायला गेले. भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, हरिश्चंद्राशी लग्न लावून दिलं तुझं."

मग ह्यांनी काकीच्या मुलाच्या पदकासाठी अर्ज केला. उत्तर आलं की अर्ज जवळच्या नातलगाचा हवा. हे कागद आणि शाईचा पॅड घेऊन काकीकडे गेले. "सरकारी कागद आहे, काकी, अंगठा हवा." कसला, काय, तिनं विचारलंसुद्धा नाही. "तू म्हनतोस तर लावते," म्हणाली. जन्मभर खरं बोललेला हा माणूस एकाच बाईशी खोटं बोलला आणि तेही दोनदा. मी तसं बोलून दाखवलं, तेव्हा हे अर्ज पाकिटात घालून पोस्टात गेले.

सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. इथे सहा महिन्यांवर सहा महिने गेले. पुढचं उत्तर आलं की पदक पूर्वीच पाठवलं आहे, सबब प्रकरण बंद. हे ठाण्याला सैनिकांच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी पाणी दिलं, खुर्ची दिली आणि वर अपील करा असं सांगितलं. ह्यांनी अपील केलं. पाठवलं तर घेतलं कोणी, सही कोणाची, एवढंच विचारलं. मी म्हटलं, भांडा जरा, चार शब्द सुनवा. तर म्हणे, अपिलात भांडत नाहीत. मला लिहू दिलं असतं तर लष्करानं पदक विमानानं पाठवलं असतं!

दरम्यान गावाची कळा बदलत होती. नायगावच्या बाजूला इमारती उठत होत्या, आमच्या विहिरींचं पाणी टँकरनं नव्या फ्लॅटांना जात होतं. आणि काकी दर पावसाळ्यानंतर आणखी वाकलेली दिसायची. मला वेगळीच धास्ती लागली. म्हातारी गेली तर तिचा पुतण्या टाक आपल्या घरी नेणार, आणि ह्यांचं पदक तिथे कायमचं मेलेल्याचं म्हणून बसणार. ह्यांना म्हटलं तर म्हणाले, "ती गेली तर मी कोणाला काय देऊ? माझं राहू दे, तिला तिच्या पोराचं हातात मिळायला हवं." त्या रात्री हे जेवले नाहीत. मग मीही तेलाबरोबर मारुतीला काकीसाठी नारळ बोलले. राग गेला होता असं नाही, पण बोलले.

शेवटी पत्र आलं. काकांच्या जुन्या पत्त्यावर, ते मुंबईला गिरणीत होते तेव्हाच्या चाळीत पदक पाठवलं होतं. काका तोवर वारलेले, चाळीत कोणी ओळखेना, म्हणून ते परत गेलं आणि पडून राहिलं. आणि पत्रामागून थोड्या दिवसांनी डबी आली. ह्यांनी उघडली. नवंकोरं पदक, रिबिनीला घडीसुद्धा पडली नव्हती. हे उठले, आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि म्हणाले, "चल."

काकी ओटीवर बसली होती. ह्यांनी डबी तिच्या हातात दिली. 

"काकी, हे तुझ्या मुलाचं. आज आलं. देव्हाऱ्यात आहे ते... ते माझं आहे. तेव्हा मी खोटं बोललो."

म्हातारीनं डबी उघडली. हातातल्या हातात पदक फिरवत राहिली.

"मंग इतकी वरसं मी निवद कोनाला दावला?"

"मला."

मी मनातल्या मनात पदर खोचला. आता शिव्यांची सरबत्ती होणार आणि मी दोन्हीकडून भांडणार, अशी तयारीच होती माझी. पण काकीनं हात पुढे करून ह्यांचं तोंड चाचपलं. गाल, मिशी, कपाळ.

"तुला काय झालं का रे?"

"म्हणजे?"

"लढाईतून आलास. पोरं झाली. छातीत कळ आली ती पन उठून बसलास. काय झालं का तुला?"

"नाही."

"व्हनार कसं? माज्या पोराच्या वाटनीचं जेवत व्हतास."

 इतकी वर्षं मी त्या निवदाला घाबरले होते. रडू आवरेना, आणि रडताना मला स्वतःचाच राग येत होता. तरी मी माझा हेका सोडला नाही. नाक पुसून म्हटलं, "काकी, पण आता यांचं यांना द्या. हे नवं बसवा तिथे."

"बसवलेला देव उठवत नाय, सूनबाय. मी मेल्यावर घेऊन जा. पुतन्याला सांगून ठेवते." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाली, "यावर काय लिवलंय ते वाच."

ह्यांनी पदक उजेडात धरलं आणि वाचलं. नंबर, हुद्दा, नाव, आडनाव. हजेरी घेतात तसं मोठ्यानं. त्या घरात ते नाव कोणी घेतच नव्हतं. आम्ही सगळे काकीचा मुलगा म्हणायचो, आणि ती नुसतं पोर म्हणायची.

"पुना वाच."

ह्यांनी पुन्हा वाचलं. तिनं पदक घेऊन डोळ्यांना लावलं, थोडा वेळ तसंच धरलं, आणि ह्यांच्या पुढे केलं. "तुझं मी ठेवलं. मंग ह्ये तू लाव."

"नाही काकी. दुसऱ्याचं पदक लावता येत नाही. नियम आहे."

"कोनालाच नाय?"

"घरच्यांना येतं," हे हळू म्हणाले. "गेलेल्याचं पदक घरच्यांनी लावायचं. पण उजवीकडे. डावीकडे फक्त स्वतःचं."

"मंग उजवीकडं लाव की! कोन नाय म्हनतो?"

हे पुढे सरकले. तिच्यासमोर जमिनीवर बसले. म्हातारी त्यांच्या सदऱ्याची उजवी बाजू चाचपू लागली. तिला पिन दिसेना, उघडेना. मी मदतीला हात पुढे केला.

"तू ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "ह्ये आईनं लावायचं असतं."

मी हात मागे घेतला. बराच वेळ लागला तिला, आणि तोवर हे हलले नाहीत.