इसहाकच्या डोळ्यातला भुसा

इसहाकचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. नवापूरच्या लाकडाच्या वखारीत कंदील लावून तो कानशीने करवतीचा एकेक दात घासत बसायचा. धार लावणं खरं तर करवतीची वरची मूठ धरणाऱ्याचं काम. ते त्याच्या जोडीदाराने, याकूबने, त्याच्यावर टाकलं होतं.

ही १९३० च्या आसपासची गोष्ट. तेव्हा सागाचे ओंडके हातानेच कापायचे. खड्ड्यावर ओंडका आडवा टाकायचा. एक जण त्यावर उभा राहून करवत वर उचलायचा आणि आखलेल्या रेघेवर ठेवायचा. दुसरा खड्ड्यात उतरून ती खाली ओढायचा. लाकूड कापते ती खालची ओढ. मजुरी वरच्याला जास्त, भुसा सगळा खालच्याला. मी शेजारच्या खड्ड्यावर होतो, म्हणून इसहाकची ओढ मला माहीत आहे. पूर्ण हाताची असायची. अर्धा हात ओढून धापा टाकणारे मी पुष्कळ पाहिले. तो त्यांच्यातला नव्हता.

वर याकूब. टोळीचा मुकादम, आणि प्रार्थनाघराचा पंचही तोच. आम्हा ख्रिस्ती मजुरांत वाचता येणारा तो एकटा. शास्त्रातली लहान लहान वचनं त्याच्या जिभेवर असायची. उशिरा आलेल्याला तो मुंगीचं वचन ऐकवायचा, पाणी प्यायला थांबलेल्याला आळशाचं. लांबलचक उपदेश माणूस विसरतो. आखूड वचन दिवसभर सलत राहतं, हे त्याला कळत होतं.

रविवारी उपदेशाआधी प्रत्येकाने एक वचन तोंडपाठ म्हणायचं, अशी रीत होती. आमशा नावाचा ओझेवाला दर वेळी सगळ्यात छोटं म्हणायचा. दोनच शब्दांचं, प्रभूच्या डोळ्यांत पाणी आलं ते.

"तुझं काम बघून आलं असेल," याकूब म्हणायचा. सगळे हसायचे. आमशाही हसायचा.

इसहाकला स्वतःची करवत घ्यायची होती. वखारीची करवत वखारीची. तिच्यावर वर कोण आणि खाली कोण, हे मुकादम ठरवणार. ज्याची स्वतःची करवत, तो गावोगाव काम घेतो आणि वर उभा राहतो. इसहाक त्यासाठी मजुरीतून मागे टाकत होता. त्याची बायको सुसाना गवताचे भारे विकून त्यात भर घालायची. प्रश्न एवढाच होता की करवत आधी येते की डोळे आधी जातात.

एकदा त्याने विचारलं, "याकूबदादा, पंधरा दिवस मला वर घे. डोळे गळताहेत."

"गळू दे. रेघ बघायला माझे आहेत ना."

त्या रविवारी इसहाकची पाळी आली. त्याने भावाच्या डोळ्यातल्या कणाचं वचन म्हटलं. दुसऱ्याच्या डोळ्यातला कण दिसतो, स्वतःच्या डोळ्यातलं अख्खं लाकूड दिसत नाही, त्याबद्दलचं. म्हणून झाल्यावर खाली बसायचं सोडून तो पुढे बोलला.

"हे सांगणारा सुताराच्या घरचा. त्याने आमच्यासारखा खड्डा पाहिला असणार. कण कुणाच्या डोळ्यात जातो ते मी सांगतो. ओंडक्यावर कोण उभं असतं ते तुम्हीच सांगा."

प्रार्थनाघर हसलं. सगळ्यात मोठ्याने आमशा. याकूब हसला नाही. त्याने पुढच्याचं नाव घेतलं.

सोमवारी खड्ड्यावर वाळका साग आला. ओल्या लाकडाचा भुसा जाड पडतो. वाळक्याचा पिठासारखा बारीक, पापणीतून आत जातो. इसहाक डोळ्यांसकट तोंडावर सुसानाच्या जुन्या, विरलेल्या लुगड्याचा तुकडा बांधून उतरला.

"ते सोड," याकूब वरून म्हणाला. "तोंड झाकलेला माणूस मला कळत नाही. ताल चुकतो."

"दादा, डोळ्यांत जातं."

"जाऊ दे की. वचन पाठ आहे ना तुला? तेच म्हणत ओढ."

इसहाकने फडकं सोडलं आणि ओढलं. पुढच्या होळीपर्यंत डावा डोळा गेला. त्याच्या पुढच्या होळीला उजव्यात नुसता उजेड उरला. याकूबने त्याला काढलं नाही. खड्ड्यात डोळे लागत नाहीत, आणि अशी ओढ दुसरीकडे मिळणार नव्हती.

करवतीपुरते पैसे जमले ते त्याच साली.

"आता कशाला घ्यायची?" इसहाक सुसानाला म्हणाला. "वर कोण उभं राहणार?"

"मला रेघ दिसते," ती म्हणाली.

त्याने तिला घरामागे पळसाच्या खोडावर शिकवलं, उसन्या करवतीने. रेघ वाकडी गेली की आवाजावरून त्याला कळायचं आणि तो शिवी द्यायचा. बायको म्हणून त्याने सूट दिली नाही. पाऊस सुरू व्हायच्या आत तिचा हात सरळ चालू लागला.

इसहाक काम सोडायला आला तेव्हा सुसाना बरोबर होती. याकूब आम्हा सगळ्यांसमोर म्हणाला, "बाई वर आणि नवरा खड्ड्यात? नवरा म्हणजे बायकोचं डोकं, असं शास्त्रात आहे, सुसाना."

"डोकं तर तुम्हीच खड्ड्यात ठेवलंत, दादा," ती म्हणाली. "त्यातले डोळे परत देता का? मग मी उतरते खाली."

याकूबने आमशाला हाक मारली आणि इसहाकच्या जागी उतरवलं. आमशाची ओढ अर्ध्या हाताची. महिनाभरात पूर्ण हाताची झाली, डोळेही लाल झाले. रविवारी तो तेच दोन शब्दांचं वचन म्हणायचा. आता कुणी हसत नव्हतं.

नवराबायको गाडीने नंदुरबारला गेले. तिथे रूपचंद शेठचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. इसहाकने चार करवती अंगठ्याने चाचपल्या आणि चौथी ठेवून घेतली.

"आंधळाले करवत कशाले जोयजे?" शेठने विचारलं.

इसहाकने कमरेची पिशवी सोडून गल्ल्यावर ओतली. खड्ड्यातली सगळी वर्षं त्यात होती. करवत लांब होती, एकट्याने नेण्यासारखी नव्हती. वरची मूठ सुसानाने धरली, खालची त्याने, आणि दोघं स्टेशनकडे निघाली.