बर्फाचं फावडं आणि समुपदेशन कक्ष

मनाचं आरोग्य शरीराच्या आरोग्याइतकंच महत्त्वाचं असतं, आणि आमच्या मराठी मंडळाने हे फार पूर्वीच ओळखलं होतं. निदान अध्यक्ष भाषणात तसं म्हणाले. प्रत्यक्षात ओळख पटली ती शाळेचा हॉल बुक करून झाल्यावर नाटकवाल्यांनी प्रयोग कॅन्सल केला तेव्हा. हॉल होता, मिसळीची ऑर्डर गेली होती, फक्त विषय नव्हता.

विषय ठरला आत्महत्या प्रतिबंध. पण फ्लायरवर तो शब्द बरा दिसेना. मागे आकाशकंदिलाचं चित्र होतं. म्हणून आधी ‘मानसिक आरोग्य’ झालं, मग ‘मनाची निगा’, आणि शेवटी ‘प्रसन्न मन, मिसळ आणि गप्पा’.

त्याच आठवड्यात आमच्या कॉम्प्लेक्समधला एक नागपूरचा मुलगा बर्फ उपसायचं फावडं घेऊन माझ्या दारात उभा राहिला. मुलगा म्हणजे चाळिशीला टेकलेला. माझ्या वयाला सगळे मुलगेच. त्याची नोकरी उन्हाळ्यात गेली होती. बायको-मुलगी ‘सध्यापुरतं’ म्हणून नागपूरला गेल्या होत्या.

“ठेवा काकू तुमच्याकडे,” तो म्हणाला.

“परत चाललास का इंडियाला?”

“नाही ना. कुठं जाऊन राहिलो मी?”

“मग थंडीत गाडी कशाने बाहेर काढशील?”

“मला काय कामाचं आता,” असं म्हणून तो निघून गेला.

आमच्याकडे कोणी सामान वाटू लागलं तर कोणाला काळजी वाटत नाही. व्हिसाच्या भरवशावर राहणाऱ्यांत कोणी ना कोणी कायम परतीसाठी घर आवरतच असतं. लोक फक्त टीव्ही किती इंचाचा ते विचारतात. पण जायचं कुठेच नसताना ऑक्टोबरमध्ये फावडं देऊन टाकणारा माणूस मी आमच्या या पार्सिपनी गावात पाहिला नव्हता. ते फावडं मी गराजमध्ये ठेवलं आणि येता-जाता मला ते दिसत राहिलं.

समुपदेशक शोधताना मंडळाने एकच अट घातली होती: मराठी नको. मराठी बाई आली की ती कोणाची तरी मावसबहीण निघणार, आणि मन मोकळं केलेलं दिवाळीच्या फराळापर्यंत सगळ्यांना कळणार. शेवटी किर्गिझस्तानच्या एक बाई मिळाल्या. तिकडे त्यांनी पुष्कळ वर्षं हेच काम केलं होतं, आता इथे करत होत्या. अध्यक्षांनी देशाचं नाव गाडीत पाठ केलं होतं. माइकसमोर ते “त्या भागातून आलेल्या” एवढंच म्हणाले. शाळेत ज्योत पेटवायला बंदी, म्हणून बॅटरीची समई आणली होती. ती दोनदा आपटल्यावर लागली. बाईंना शाल आणि नारळ दिला.

त्यांच्यासाठी एका वर्गात ‘समुपदेशन कक्ष’ केला होता. विषय गोपनीय, म्हणून दाराला फुग्यांची कमान लावली होती. दार बरोबर मिसळीच्या रांगेसमोर होतं.

कमानीखालून कोणीच गेलं नाही. मी चहा घेऊन गेले तेव्हा बाई नारळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

“याचं काय करायचं असतं?” त्यांनी विचारलं.

“कोणालाच माहीत नाही. घरी नेतात,” मी म्हणाले, आणि मग फावड्याचं सांगितलं.

त्यांनी नारळ बाजूला ठेवला. “त्याला सरळ विचारा. ‘आत्महत्या’ हाच शब्द वापरून. विचारल्याने मनात नसलेला विचार येत नाही. असलेला बोलता येतो. पण विचारून निघून जाऊ नका.”

तो हॉलच्या मागच्या भिंतीशी उभा होता, हातात बशी, मिसळ तशीच. माझ्याच आग्रहाने आला होता. मी त्याला बाहेर पार्किंगमध्ये नेलं. आयुष्यभर पुस्तकं वाचली, पण त्या वेळी एकही वाक्य मदतीला आलं नाही.

“आत्महत्येचा विचार येतो का रे तुझ्या मनात?”

त्याने बशी एका गाडीच्या टपावर ठेवली.

“काकू, फ्लायरवर तर हा शब्द नव्हता.”

“नव्हता. मी विचारतेय.”

“येतो,” तो म्हणाला. “रोज येऊन राहिला.”

“चल, त्या बाईंशी बोल. मी दाराशी थांबते.”

“त्या कमानीतून? सगळं पार्सिपनी समोर पाव खाऊन राहिलंय! उद्या माझ्या बायकोला फोन जाईल, की तुझा नवरा फुग्यांत शिरला.”

यावर उपाय मंडळाकडेच होता. आमच्या कार्यक्रमात रिकाम्या हाताचा पुरुष दिसला की त्याला खुर्च्या उचलायला लावतात. खुर्च्या नेणाऱ्याला कुठे चाललास, का चाललास, असं कधी कोणी विचारत नाही. फार तर वाट देतात. आत येताच मी त्याच्या दोन्ही काखांत घडीच्या खुर्च्या दिल्या. त्याने मान खाली घातली, रांगेतल्या काकांनी ताटं सांभाळत वाट दिली, आणि तो कमानीखालून आत गेला.

दार लागलं. तो बाहेर येईना. अध्यक्ष मात्र आले.

“अहो, खुर्च्या तिकडे कुठे नेल्या? स्टेजवर हव्यात!”

“पाहुण्यांनी मागितल्यात.”

“एकट्या बाईला?”

“त्यांच्याकडे तशीच पद्धत आहे,” मी म्हणाले. किर्गिझस्तानची मी मनातल्या मनात माफी मागितली. अध्यक्ष विचारात पडले, आणि आदरातिथ्यात कमी नको म्हणून त्यांनी आणखी दोघांना खुर्च्या घेऊन पाठवलं. त्यांना मी दाराबाहेरच अडवलं. अंताक्षरी संपली तरी तो आतच होता. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते आणि हातात नारळ होता.

त्या रात्री तो आमच्याकडे राहिला. सोमवारी मी त्याला ड्राइव्ह करून डॉक्टरकडे नेलं. बाईंकडे तो दर आठवड्याला जाऊ लागला. बायकोला त्याने स्वतःच सांगितलं. ती मिळेल त्या पहिल्या विमानाने आली.

मंडळाच्या अहवालात छापून आलं, ‘समुपदेशन कक्षास प्रतिसाद मिळाला नाही, तथापि खुर्च्या ठेवण्यासाठी खोलीचा चांगला उपयोग झाला.’

डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडला, तेव्हा तो सकाळीच फावडं परत मागायला आला. कड वाकवून ठेवलीत म्हणून जरा कुरकुरला.